पूर आणि ग्रंथनिवड

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर चढले. नगर वाचनालयातली हजारो पुस्तके भिजून गेली. त्यांत दुर्मीळ ग्रंथही होते. याच कृष्णेच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यातल्या वाईत, मराठी विश्वकोश सिद्ध झाला. पहिला खंड १९७६ चा. आता तो संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. म्हणजे छापील खंड भिजले तरी मजकूर शाबूत राहतो. पण गावच्या छापखान्यात निघालेल्या जुन्या मासिकाची एकुलती प्रत? ती गेली की गेली! ग्रंथनिवड म्हणजे नुसती खरेदीची यादी, हे आम्हाला म्हणूनच पटत नाही. वरच्या मजल्यावर काय हलवायचे, आधी काय स्कॅन करायचे, हेही तिच्यातच ठरायला हवे. शाळेच्या कपाटातही अशी एखादी प्रत असतेच, आणि बहुधा सर्वांत खालच्या फळीवर.