मागच्या आसाची साक्ष

युद्धाचा इतिहास सेनापतींच्या नावाने लिहिला जातो. पण सैन्य पुढे सरकते ते शिधा, दारूगोळा आणि इंधन वाहणाऱ्या चाकांवर. दुसऱ्या महायुद्धात हा भार वाहिला तो अमेरिकेच्या ‘जीएमसी सीसीकेडब्ल्यू’ या अडीच टनी ट्रकने. १९४१ ते १९४५ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रक बांधले गेले. १९४४ मध्ये नॉर्मंडीतून पुढे गेलेल्या फौजांना ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ने रसद पुरवली, ती मुख्यतः यांच्याच बळावर. ते हाकणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिक होते. आसामातील लेडोहून चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरही हे ट्रक धावले.

आज हे ट्रक जतन करणाऱ्यांची खरी कसोटी मागच्या आसांपाशी लागते. या एकाच ट्रकला दोन घडणींचे आस बसवले जात. टिमकेनच्या आसाचे कवच दोन भागांचे, मधोमध बोल्टांनी जोडलेले. दुसऱ्याचे अखंड, मध्ये बँजो वाद्यासारखे गोल. एकाचे डिफरन्शियल दुसऱ्यात बसत नाही. म्हणून भंगारातला सांगाडा पाहताना आधी कवच वाचावे लागते. मग तेलात पाणी शिरले आहे काय, बेअरिंगांना गंजाचे खड्डे पडले आहेत काय, शाफ्टच्या खाचा पिळल्या आहेत काय, हे तपासायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्राउन आणि पिनियन. हे दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. जोडी फुटली, तर चांगले दातही निरुपयोगी ठरतात.

आम्हां मराठीच्या अध्यापकांना येथे पाठचिकित्सा आठवते. एका पोथीची हरवलेली पाने दुसऱ्या पोथीतून घेता येतात. मात्र ती कोठून घेतली, हे नोंदवावे लागते. ट्रकचेही तसेच. एक वाचवण्यासाठी दुसरा सुटा करावा लागतो, आणि सुटा झालेला ट्रक पुन्हा उभा राहत नाही. हे नुकसान टळत नसेल, तर निदान कोणता भाग कोणत्या क्रमांकाच्या ट्रकचा, याची वही ठेवावी, असे आम्हांस वाटते. एरवी वाचलेला ट्रक रस्त्यावर धावेल खरा, पण त्याच्या साक्षीवर इतिहासाला विसंबता येणार नाही.