घोडा कुणाचा, कपडे कुणाचे?

गेले तीन वीकेंड मी अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या घोडेस्वारांना रंग देतोय. लढाई निवडली राक्षसभुवनची, १० ऑगस्ट १७६३. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीकाठी. निजाम नदी ओलांडून गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर निम्मी फौज घेऊन अलीकडे राहिला. त्यात नदीला पूर! अठरा वर्षांचे माधवराव आणि राघोबादादा त्याच्यावर तुटून पडले. दिवाण मारला गेला.

मी काय केलं? वीस मराठा स्वारांना सरसकट भगवे फेटे आणि पांढरे अंगरखे. कॉपी-पेस्ट! मग वाचायला बसलो आणि कपाळावर हात मारला.

या घोडदळाला गणवेशच नव्हता. बारगीर असेल तर घोडा सरकारी पागेचा. शिलेदार असेल तर घोडा, भाला, तलवार, कपडे सगळं स्वतःचं. मग एकसारखं दिसणार कसं? कुणाचं मुंडासं मळकं, कुणाचं लाल, एखाद्याच्या अंगावर आजोबांचं चिलखत.

चित्रांचा आधार घ्यावा, तर तीही जपून पाहावी लागतात. जेम्स वेल्सने पुण्यात पेशव्यांच्या दरबारातली माणसं रंगवली ती १७९० च्या दशकात. म्हणजे लढाईनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, आणि तेही दरबारी थाटात. ती पगडी घालून कोण भाला चालवणार?

गंमत पुढेच आहे. याच जिल्ह्यातलं अंबाजोगाई, तेव्हाचं मोमिनाबाद, एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या घोडदळाची छावणी होतं. इथले स्वार मात्र एकजात गडद हिरव्या कोटात. म्हणजे सरकारने कपडे दिले असतील ना? छे! त्या पद्धतीचं नाव 'सिलादार', म्हणजे आपला शिलेदारच. घोडा आणि गणवेश स्वाराच्याच खिशातून, फक्त रंग साहेब ठरवणार. १९०३ मध्ये कॉन्टिन्जंट ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झालं. सिलादारी पद्धत मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली.

कंपनीने दिलेला टी-शर्ट घालून, स्वतःच्या बाईकवर पेट्रोल जाळत फिरणारे डिलिव्हरीवाले आठवले ना? मलाही आठवले.

शिलेदाराचा घोडा लढाईत मेला, तर नुकसान त्याचंच. घोडा गेला की नोकरीही धोक्यात. 'मराठे समोरासमोर भिडत नाहीत' असं हिणवणाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडला होता का? आणि तरीही राक्षसभुवनला ते भिडलेच.

असो. विसाच्या वीस स्वारांचा रंग खरवडलाय. आता प्रत्येकाला वेगळं मुंडासं, वेगळा शेला. खोगीरभरती चालणार नाही. एका घोड्याचा पाय पॅकिंगमध्येच मोडला होता. त्याचा शिलेदार मी नदीकाठी पायीच उभा केलाय. त्याला रंग द्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला.