बाळूचा चेंडू, बाहेरचा चहा

तुम्ही रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभे आहात. लिलावाची ओरड, बर्फाचे टेम्पो, डिझेलचा वास. आता यातलं एकेक काढून टाका: ट्रॉलरची इंजिनं, नायलॉनची जाळी, सिमेंटचा धक्का. उरला तो फेब्रुवारी १९०६ चा किनारा. पुळणीवर शिडाच्या होड्या ओढून ठेवल्यात. वर रत्नदुर्ग किल्ला आहे तसाच आहे. गावात ब्रह्मदेशाचा थिबा राजा नजरकैदेत आहे, पण त्याचा राजवाडा अजून बांधला गेलेला नाही.

मुंबईची आगबोट खोल पाण्यात थांबलीय. पडावात बसून तिच्यापर्यंत जा, डेकवर वळकटी पसरा. आजूबाजूला पोटासाठी मुंबईला निघालेले चाकरमानी. ज्याला बघायला तुम्ही निघालात, त्याचं आडनावही कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं: पालवणकर बाळू. जन्म मात्र धारवाडचा. जात चांभार.

मुंबईत उतरून तडक बॉम्बे जिमखान्याचं मैदान गाठा. हा गोऱ्यांचा क्लब, आत तुम्हाला प्रवेश नाही. कडेच्या गर्दीत शिरा आणि टाचा उंच करा. हिंदू विरुद्ध युरोपियन क्रिकेट सामना आहे. हिंदूंच्या २४२ ला गोऱ्यांनी १९१ नी उत्तर दिलंय, मग हिंदू १६० वर आटोपलेत. गोऱ्यांना जिंकायला २१२ हव्यात.

बाळू धावत येतो. डावखुरा, संथ फिरकी. पुढे यावं की मागे राहावं, हे फलंदाजाला ठरवताच येत नाही. या डावात तो ५ बळी घेतो, पहिल्या डावात ३ घेतले होतेच. गोरे १०२ मध्ये गारद. हिंदू १०९ धावांनी जिंकतात. संघात त्याचा धाकटा भाऊ शिवरामही आहे. तुमच्या शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला मिठी मारतो. त्याने तुमची जात विचारलेली नाही.

जल्लोष चालू दे. तुम्ही आणखी दहाएक वर्षं मागे, पुण्यात चला. इथे गोऱ्यांच्या क्लबात बाळू महिना ४ रुपयांवर खेळपट्टी लाटतो, जाळी बांधतो आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकतो. बॅट त्याच्या हाती कुणी देत नाही. ग्रेग नावाचा साहेब बाद झाला की त्याला आठ आणे देतो, असं सांगतात. पुढे गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतलं. चहाच्या सुट्टीत नीट बघा. बाकीचे तंबूत कपबशीतून चहा घेतायत, बाळू बाहेर उभा आहे आणि त्याच्या हातात मातीचं भांडं आहे. ज्या चेंडूला सगळ्यांचे हात लागतात, तो बाटत नाही. कपाला मात्र विटाळ होतो.

मुंबईने पुढचं पाऊल टाकलं. हिंदू जिमखान्यात दोघे भाऊ बरोबरीने जेवू लागले आणि १९०६ च्या त्या सामन्यानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या बदलाचं कौतुक केलं.

आता साता समुद्रापार एक उडी. १ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, मोटारशर्यतीचा मातीचा ट्रॅक. काळा वेंडेल स्कॉट आपली ३४ क्रमांकाची शेव्हरोले सर्वांत पुढे आणतो, पण विजेता म्हणून बक बेकर या गोऱ्याचं नाव पुकारलं जातं. प्रेक्षक पांगल्यावर काही तासांनी हिशेब दुरुस्त होतो. स्कॉटला बक्षिसाची रक्कम मिळते, चषक त्या दिवशी मिळत नाही. पुण्याची युक्ती इथेही तीच: कसब वापरायचं आणि मान राखून ठेवायचा.

बाळूचं राखून ठेवलेलं काय होतं? १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याच्याकडे आलं. संघ जिंकला आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. पालवणकरांची लायकी गोऱ्यांना १९०६ मध्येच कळली होती. स्वकीयांनी ती मान्य करायला आणखी १७ वर्षं घेतली.