कॉर्व्हेअर : एक गाडी, एक पुस्तक आणि एक कायदा

१) १९५० च्या दशकात अमेरिकी मोटार म्हणजे लांबलचक, जड आणि भरपूर पेट्रोल पिणारी गाडी असे समीकरण होते. दशकाच्या अखेरीस मात्र जर्मनीच्या छोट्या फोक्सवॅगन बीटलला तेथे गिऱ्हाईक वाढू लागले आणि डेट्रॉइटच्या कंपन्यांना जाग आली. फोर्डने फाल्कन आणली, क्रायस्लरने व्हॅलियंट. दोन्ही गाड्या आकाराने लहान, पण घडण जुन्याच वळणाची. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने वेगळी वाट धरली.

२) ऑक्टोबर १९५९ मध्ये आलेल्या कॉर्व्हेअरचे इंजिन मागे होते. ॲल्युमिनियमचे, सहा सिलिंडरचे आणि पाण्याऐवजी हवेने थंड होणारे. म्हणजे रेडिएटरच नाही! शेव्हरोलेचे प्रमुख एड कोल हे स्वतः अभियंते. ही त्यांचीच जिद्द. ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने तिला १९६० सालची सर्वोत्तम गाडी ठरवले.

३) मात्र याच रचनेत धोकाही दडला होता. निम्म्याहून बराच अधिक भार मागच्या चाकांवर. त्यात मागचे सस्पेन्शन ‘स्विंग ॲक्सल’ प्रकारचे. जोरात वळण घेताना चाक आत दुमडून गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची शक्यता असे. उपाय म्हणून कंपनीने टायरमधील हवेचा दाब पुढे १५ आणि मागे २६ पौंड ठेवण्यास सांगितले. गाडीचा कल रोखणारा पुढचा पोलादी दांडा मात्र खर्च वाचवण्यासाठी गाळला. सुरक्षिततेचा भार असा गाडीमालकाच्या स्मरणशक्तीवर टाकला गेला.

४) १९६४ च्या मॉडेलमध्ये तो दांडा आला. १९६५ मध्ये मागचे सस्पेन्शनच नव्याने रचले गेले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तरुण वकील राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रकाशित झाले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. टीका होती १९६० ते १९६३ च्या गाड्यांवर. डाग मात्र साऱ्याच कॉर्व्हेअरना लागला.

५) जनरल मोटर्सने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीस आले आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. पुस्तकाची कीर्ती घरोघरी पोहोचली. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढे १९७० मध्ये खासगीपणाच्या भंगाचा दावा मिटवताना कंपनीने नेडर यांना ४,२५,००० डॉलर दिले.

६) मग गाडी पुस्तकाने मारली का? केवळ पुस्तकाने नव्हे. एप्रिल १९६४ मध्ये फोर्डची मस्टँग आली होती. तिच्यात शक्तिशाली व्ही-८ इंजिनाचा पर्याय होता. त्यापुढे कॉर्व्हेअरचा निभाव लागणे कठीणच होते. मे १९६९ मध्ये उत्पादन थांबले. तोवर सुमारे १८ लाख गाड्या तयार झाल्या होत्या.

७) १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा अहवाल आला. १९६३ ची कॉर्व्हेअर समकालीन गाड्यांशी ताडून पाहिली असता, उलटण्याच्या बाबतीत ती त्यांच्याहून अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष त्यात होता. नेडर यांनी तो मान्य केला नाही.

८) आज काही जण या अहवालाच्या आधारे नेडर यांना खोटे ठरवतात, तर काही जण पुस्तकाच्या आधारे गाडीला. परंतु नेडर यांचे पुस्तक एका गाडीपुरते नव्हते. चालकाच्या छातीत घुसणारा स्टीअरिंगचा दांडा आणि प्रवाशाला जखमी करणारा डॅशबोर्ड हे दोष त्या काळच्या बहुतेक गाड्यांत होते. समकालीन गाड्यांइतकीच सुरक्षित, हे प्रशस्तिपत्रकही त्यामुळे तोकडेच ठरते. आणि ज्या सरकारी यंत्रणेने कॉर्व्हेअरला दोषमुक्त केले, तिची पायाभरणी १९६६ च्या त्याच कायद्याने झाली होती.