एका खोक्याची फाईल

आमच्या वाड्यावर एका तारवटीच्या घरी दोन लहान स्पीकर होते. हे तारवटी म्हणजे आमचे शेजारचे अंकल. १९८४ साली त्यांचे जहाज इंग्लंडला लागले होते. तेव्हा पगारातले साठवलेले पैसे मोडून त्यांनी ते घेतले आणि ब्लँकेटात गुंडाळून ट्रंकेतून घरी आणले. बाकीचे तारवटी मोठमोठे टू-इन-वन आणायचे, लाल-हिरवे दिवे लुकलुकणारे. हे तर बुटांच्या खोक्याएवढे दोन लाकडी डबे! वाड्यावर सगळ्यांची निराशा झाली होती, असे माझी आई अजून सांगते.

त्या डब्यांच्या पाठीवर एक पाटी होती. मोठा झाल्यावर ती मी वाचली. रॉजर्स कंपनीचे नाव, बीबीसीचे नाव, एलएस३/५ए, १५ ओहम. दोन्ही डब्यांवर क्रमांक एकच, फक्त एकाच्या शेवटी ए आणि दुसऱ्याच्या शेवटी बी. मी कला शाखेचा पदवीधर आणि सरकारी कारकून. विजेचे ज्ञान फ्यूज बदलण्यापुरते. पण क्रमांक, नमुना, सुधारित आवृत्ती ह्या गोष्टी आम्हा लोकांना कळतात. ती पाटी म्हणजे चक्क फाईल नंबर होता, हे मला फार उशिरा उमगले आणि मग ह्या खोक्याच्या इतिहासाचा नाद लागला तो लागलाच.

नंबर असा वाचायचा. एलएस म्हणजे लाउडस्पीकर. ३ हा आकडा स्टुडिओबाहेरून होणाऱ्या प्रक्षेपणाच्या उपकरणांचा. स्टुडिओतल्या स्पीकरांचा गट निराळा, त्यांना ५. तिरप्या रेघेनंतरचा ५ म्हणजे त्या गटातला पाचवा नमुना. आणि शेवटचा ए म्हणजे सुधारित.

स्पीकरांच्या दुनियेत दंतकथा पुष्कळ आहेत. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कपाटाएवढा कर्णा केला. एडगर विलचर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खर्ज काढून दाखवला. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांचा क्वाड स्पीकर १९५७ मध्ये बाजारात आला. त्यात हलणारा कोन नव्हताच, विजेच्या भाराने थरथरणारा पातळ पडदा होता. ह्या सगळ्या एकेका हट्टी माणसाच्या गोष्टी आहेत. आमच्या खोक्याची गोष्ट मात्र पगारी नोकरांची आहे. बीबीसी हे काही सरकारी खाते नव्हे, लोकांच्या परवाना शुल्कावर चालणारी सार्वजनिक संस्था. पण तिथेही अर्ज, अहवाल, तपासणी आणि सहीशिक्का होताच. खरे सांगायचे तर मला ह्या खोक्याविषयी वाटणाऱ्या प्रेमात थोडा जातभाईपणा आहे.

बीबीसीची अडचण साधी होती. एखाद्या गावातून, मैदानातून किंवा चर्चमधून कार्यक्रम प्रक्षेपित करायचा तर सगळी यंत्रणा एका गाडीत. त्या गाडीत बसलेल्या माणसाने आवाज बरोबर जातो आहे की नाही हे ठरवायचे. मोठा स्पीकर ठेवायला जागा नाही. कानाला हेडफोन लावले तर शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि त्यात आवाज तसा ऐकूही येत नाही जसा तो घरात ऐकू येईल. तेव्हा डोक्यापासून हातभर अंतरावर मावेल असा आणि तरीही खोटे न बोलणारा स्पीकर पाहिजे होता.

तो सापडला दुसऱ्याच कामात. लंडनजवळ सरे परगण्यात किंग्जवूड वॉरन नावाच्या जुन्या वाड्यात बीबीसीचा संशोधन विभाग होता. १९४८ पासून २०१० पर्यंत तो तिथे राहिला. त्या विभागात वाद्यवृंदाच्या स्टुडिओचे आठ पटींनी लहान नमुने बांधून त्यांत आवाज कसा घुमतो ते तपासत. खोली आठ पटींनी लहान, म्हणून संगीतही आठ पट वेगाने वाजवायचे. त्या बाहुलीघरात ठेवायला लहानसा स्पीकर केला गेला. त्याच्यावरून पुढे कोणीतरी साध्या वेगाने बोलणे ऐकले असणार, कारण लवकरच तो गाडीसाठी योग्य आहे असे ठरले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा एलएस३/५ झाला. थोडेच नग तयार झाले.

आणि मग सगळ्या कचेऱ्यांत होते तेच झाले. सुटे भाग पुरवणाऱ्याने भाग बदलला. हे भाग मेडस्टोन गावच्या केईएफ कंपनीचे. ही कंपनी १९६१ मध्ये रेमंड कुक यांनी काढली, तेही पूर्वाश्रमीचे बीबीसीवालेच. नव्या भागांनी जुना आवाज येईना. मग मांडणी पुन्हा केली, आणि नंबरापुढे ए लागला. हार्वुड, व्हॅटन आणि मिल्स ह्या तिघांच्या नावे ऑक्टोबर १९७६ मध्ये त्याचा अहवाल निघाला. बीबीसीने आपले असे जुने अहवाल सर्वांसाठी खुले केले आहेत. मी तो शब्दकोश घेऊन वाचला. आलेख मला कळले नाहीत, भाषा कळली. एका खोक्याविषयी इतके सरळ, इतके निगर्वी टिपण मी दुसरे वाचलेले नाही.

पेटी साधारण ३० सेंटिमीटर उंच, १९ रुंद, १६ खोल. वजन पाच किलोच्या थोडे वर. आत दोनच स्पीकर, खाली मोठा आणि वर चिमुकला. खालच्याचा कोन बेक्सट्रीन ह्या प्लॅस्टिकचा. हे प्लॅस्टिक का, हे गोवेकराला समजावून सांगावे लागणार नाही. त्याआधी कोन कागदाचे असत. कागद हवेतला ओलावा पितो आणि एका लगद्याचा कागद दुसऱ्या लगद्यासारखा नसतो. जुलै महिन्यात आमच्या कार्यालयातल्या फायली फुगून कपाटाबाहेर येतात, ती टाचणी टोचून पाहिली की कागदी कोनाचे दुःख कळते. बीबीसीला आज केलेला स्पीकर आणि पाच वर्षांनी केलेला स्पीकर एकाच आवाजाचे हवे होते. म्हणून त्यांनी कागद सोडला. हार्वुड पुढे पॉलिप्रॉपिलीनच्या कोनाकडे वळले आणि १९७७ मध्ये त्यांनी हार्बेथ ही स्वतःची कंपनी काढली.

पेटी बर्च लाकडाच्या प्लायची, आतल्या कोपऱ्यांच्या पट्ट्या बीच लाकडाच्या. पट्टी ती पट्टी, कुठल्या लाकडाची असेना, असे आपण म्हणू. पराना पाइनच्या पट्ट्या घालून पाहिल्या तर आवाजाला रंग चढला, म्हणून बीचच पाहिजे अशी अट आली! वरच्या चिमुकल्या स्पीकरभोवती जाड फेल्टचा चौकोन. पुढची जाळीसुद्धा शोभेची नव्हे, जाळी लावूनच मोजमाप घेतलेले. आणि आत प्रत्येक नगाच्या चिमुकल्या स्पीकरचा जोर थोडा थोडा कमी-जास्त करून खालच्याशी जुळवण्याची सोय. ह्यातली एकही गोष्ट अलौकिक बुद्धिमत्तेची नाही. प्रत्येक गोष्ट कोणीतरी तपासून लिहून ठेवली आहे, एवढेच.

बीबीसीने स्वतः दुकान मांडले नाही, परवाने दिले. रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, पुढे स्पेंडॉर, हार्बेथ, केईएफ इत्यादी. कोणाच्याही कारखान्यातून निघालेला नग दुसऱ्याच्या नगाशेजारी ठेवला तर फरक पडता कामा नये, ही अपेक्षा. तरी १९८० च्या दशकात केईएफचे भाग पुन्हा हळूहळू सरकले. अशी गोष्ट एका दिवसात होत नाही, म्हणून ती कोणाला दिसत नाही. १९८७-८८ च्या सुमारास आतली जुळणी नव्याने करावी लागली आणि पाटीवर १५ च्या जागी ११ ओहम आले. दहाएक वर्षांनी केईएफने ते भाग बनवणेच थांबवले. नंतर स्टर्लिंग आणि फाल्कन ह्या इंग्लिश कंपन्यांनी हा खोका पुन्हा उभा केला. फाल्कनचे माल्कम जोन्स हे मूळ केईएफमधले, दोन्ही स्पीकर त्यांनीच रेखलेले.

आता हौशी लोक जुन्या जोडीला लाख-लाख मोजतात, आणि १५ ओहम श्रेष्ठ की ११ ह्यावर भांडतात. माझ्या मते ही भांडणे रिकामटेकडी आहेत. ह्या स्पीकरवर पखवाज लावा, थाप ऐकू येते, घुमारा येत नाही. खर्ज असल्याचा भास व्हावा म्हणून थोडी वरची पट्टी उचलून धरली आहे, ती चलाखी चटकन लक्षात येते. मोठ्याने लावायला जाल तर तो दमतो. कालोत्सवाच्या दशावतारी नाटकाला ह्याचा काही उपयोग नाही.

पण माणसाचा आवाज! केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका मी त्यावर ऐकली आहे. भैरवीतले ते 'जात कहाँ हो', जे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. साडेतीन मिनिटांची तबकडी, खरखर आहेच. तरी दोन स्पीकरांच्या मधोमध, भिंतीच्या थोडे अलीकडे, केरीची ती बाई उभी राहते. श्वास कुठे घेतला ते कळते.

आता शेजारच्या घराकडे येतो. अंकलना जाऊन बरीच वर्षे झाली. आंटी ऐंशीच्या पुढे आहेत. अंकलांना पत्र लिहायचा कंटाळा. ते जहाजावरून कॅसेट भरून गावच्या दुसऱ्या तारवटीबरोबर पाठवायचे. तेव्हा पुष्कळ घरांत अशा कॅसेटी येत. आंटींकडे त्यांच्या अकरा कॅसेटी आहेत, बिस्किटांच्या डब्यात. कॅसेट प्लेअर केव्हाच बंद पडला होता. गेल्या वर्षी मी माझ्याकडचा जुना डेक पट्टा बदलून चालू केला आणि त्यांच्याकडे नेला. स्पीकर तर तिथे होतेच.

अंकलांचा आवाज आला. आंटींनी थोडा वेळ ऐकले आणि शांतपणे म्हणाल्या, "हो ताचो ताळो न्हय."

मला वाटले, वय. किंवा कॅसेट ताणली असेल. पण खरेच आवाज कर्कश होता. 'स' आणि 'श' शिट्टीसारखे निघत होते. जाळी काढून पाहिली तर चिमुकल्या स्पीकरभोवती काहीच नाही, उघडे लाकूड आणि वाळलेल्या डिंकाचा चौकोन. मग उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात फेल्टवर पांढरी बुरशी आली होती. नातवाने स्पीकर एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने बुरशीबरोबर फेल्टही खरवडून टाकले. आवाज आता जास्त मोकळा येतो, असेही वर सांगितले! त्याचा हेतू वाईट नसावा. फेल्ट म्हणजे आतले पॅकिंग राहून गेले असावे, असे त्याला वाटले असणार. मीही अहवाल वाचला नसता तर तेच म्हटले असते.

ह्या पेटीचा पुढचा भाग कडांपेक्षा थोडा आत बसवलेला असतो. चिमुकल्या स्पीकरचा आवाज फळीवरून सरपटत जातो आणि त्या कडांवर आपटून परततो. मूळ आवाजात तो परतलेला आवाज मिसळला की कुठे फुगवटा, कुठे खड्डा. फेल्ट तो सरपटणारा आवाज पिऊन टाकते. म्हणजे ते पॅकिंग नव्हे, स्पीकरचाच एक अवयव.

फेल्ट कुठे मिळणार? आमच्या भजनी मंडळाची पेटी ज्यांच्याकडे दुरुस्त होते त्यांच्याकडे गेलो. सुरांच्या पट्ट्यांखाली घालायचे जाड फेल्ट त्यांच्याकडे होते. अहवालातली आकृती मोठी करून कागद कापला, तो लावून फेल्ट कापले. पहिला चौकोन वाकडा झाला, दुसरा जमला. हे काही बीबीसीच्या मापातले फेल्ट नव्हे, हौशी लोक नाक मुरडतील. मुरडू देत.

पुन्हा तीच कॅसेट लावली. अंकल बोलत होते. हॅम्बुर्गला बर्फ पडते आहे, घराची कौले पावसाआधी परतून घ्या, धाकट्याला ट्यूशनला पाठव, असे सगळे. आंटी हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे न बघता डेककडे बघत होतो. बाजू संपली. मग त्या म्हणाल्या,

"ताका तेन्ना थंडी जाल्ली. म्हाका सांगलें ना ताणें."

तीच कॅसेट त्यांनी पूर्वी किती वेळा ऐकली असेल. तेव्हा घरात मुले, गडबड, ऐकायचे ते निरोपाचे शब्द. नाक चोंदलेले आहे हे चाळीस वर्षांनी कळले. त्या किंचित रागावल्याही होत्या.

बाकीच्या दहा कॅसेटी अजून ऐकायच्या आहेत. एका दिवशी एकच बाजू, असे त्यांनी ठरवले आहे. मधल्या काळात पाऊस येणार, म्हणून जाळीच्या मागे कापडी पिशवीत थोडे सिलिका जेल ठेवले होते. ते पुढच्या बाजूला ठेवून चालत नाही, आवाज बदलतो, हे मग लक्षात आले. आता पिशवी खोक्याच्या वर असते आणि दर रविवारी मी कोरडा ब्रश घेऊन जातो.