धुराच्या बोगद्यातून अमळनेरला

मुंबईची भुयारी मेट्रो तू पाहिली असशील, निदान फोनवर तरी. आरे ते कफ परेड साडेतेहतीस किलोमीटर, 27 पैकी 26 स्थानकं जमिनीखाली. आत गारवा, लख्ख दिवे, धुराचा मागमूस नाही. समज, तुला सीएसएमटीला उतरायचंय. सरकत्या जिन्यावर पाय ठेव आणि वर पोहोचेपर्यंत शंभर वर्षं मागे चल.

वर बोरीबंदर. नाकात आधी शिरतो तो जळक्या कोळशाचा वास. वैशाख आहे; अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, म्हणून ही झुंबड. थर्ड क्लासच्या खिडकीतून आधी गाठोडी आत जातात, मग पोरं. तुलाही कुणीतरी अलगद उचलून आत सारतं. चौघांच्या लाकडी बाकावर सात जण, पंखा नाही. घाम, विडी, खोबरेल आणि फडक्यातल्या भाकरी-ठेच्याचा वास एकात एक मिसळलेला.

ठाणं मागे पडतं आणि समोरची आजी ओरडते, "डोया झाकी ल्या रे, कोयसा जाई!"

पारसिकचा बोगदा! 1916 साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब. झडपा धडाधड खाली येतात, तरी फटींतून धूर घुसतोच. चाकांचा खडखडाट भिंतींवर आपटून दुप्पट होतो. शेजारचं तान्हं रडतंय हे त्याच्या उघड्या तोंडावरूनच कळतं.

इतका धूर का? वाफेसाठी आग लागते, आगीला हवा लागते आणि धूर धुरांड्यातूनच सुटणार. उघड्यावर तो आभाळात जातो. बोगद्यात छताला थडकून थेट तुझ्या डब्यात. लंडनने तर 1863 साली शहराखालून अशीच वाफेची गाडी चालवली! धूर जायला मध्ये मध्ये वर मोकळी जागा ठेवली होती, तरी लोक खोकत. जमिनीखाली सुखाने प्रवास करता आला तो विजेमुळे. मला विजेचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

पण खरी मजा पुढेच, कसाऱ्याला. इथे मागूनही एक इंजिन लागतं. पुढचं शिटी देतं, मागचं उत्तर देतं, आणि घाटाची चढण सुरू. 37 फूट पुढे गेलं की एक फूट वर! इंजिनं धापा टाकतात. बोगद्यामागून बोगदा. खिडकीचे गज हाताला चटके देतात. एक ठिणगी तुझ्या बाहीवर बसते, सुताचा करपट वास येतो आणि मसुराएवढं भोक पडतं. आजी लुगड्याचा पदर तांब्यातल्या पाण्यात बुडवून तुझ्या नाकाशी धरते. त्या ओल्या कापडातून घेतलेला श्वास किती गोड लागतो!

इगतपुरीला गार वारा येतो. सगळे एकमेकांची काळी तोंडं बघून खो खो हसतात आणि नळावर धावतात. 1930 च्या सुमारास या घाटात विजेची इंजिनं येतील. तोवर हीच आंघोळ.

मनमाड, चाळीसगाव, मग जळगावला गाडी बदल. अमळनेरच्या गाडीत टाळ वाजायला लागलेत. पाळधी गेलं, धरणगाव गेलं. दाराशी उभं राहू नकोस, लोंढा ढकलेल. तिकीट मुठीत घट्ट धर, फाटकाशी दाखवावं लागतं. टांग्यासाठी थांबू नकोस, आजीचा हात धरून सरळ बोरी नदीकडे चालू लाग. उशीर झाला तर यात्रेचा रथ जवळून दिसायचा नाही.