चाकाच्या वेगाने पाहिलेले शेत

सुट्टीच्या दिवशी सायकलवर निघावे, वाटेतल्या शेतांवर थांबून अंडी, लोणी, मध विकत घ्यावा, पिकवणाऱ्यांशी चार गोष्टी बोलाव्यात आणि संध्याकाळी निवांत परतावे, अशा सहलींचे नाव आज बहुधा 'स्लो फूड' या चळवळीशी जोडले जाते. इटलीत १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या चळवळीचे नाव घेऊन कॅनडातील पेम्बर्टन या बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या खोऱ्यात २००५ मध्ये अशी एक वार्षिक सायकलफेरी सुरू झाली. अशा सहलींविषयीच्या लेखनात एक सूर नेहमी ऐकू येतो : ही जुन्या, अखंड ग्रामजीवनाकडे परतण्याची वाट आहे. इतिहास पाहिला, तर हे गृहीतक तपासून घ्यावे लागते.

शेताकडे जाणारा हौशी सायकलस्वार प्रथम मोठ्या संख्येने दिसतो तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडमध्ये. १८७८ मध्ये सायकलप्रवाशांचा एक क्लब तेथे स्थापन झाला. पुढे तो 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' या नावाने ओळखला जाऊ लागला. १८८५ ची 'रोव्हर' सायकल आणि १८८८ चा डनलॉपचा हवेचा टायर यांमुळे सायकल चालवणे सुरक्षित आणि सुखाचे झाले. हळूहळू कारकून, दुकानातले नोकर आणि स्त्रियाही रस्त्यावर आल्या. एच. जी. वेल्सच्या 'द व्हील्स ऑफ चान्स' (१८९६) या कादंबरीचा नायक हूपड्रायव्हर हा कापडाच्या दुकानातला नोकर आहे. वर्षाकाठी मिळणारी दहा दिवसांची रजा तो सायकलवर घालवतो. शेतघरातला चहा, साय, ताजी अंडी हा अशा प्रवासाचा ठरलेला आनंद होता.

परंतु हा सायकलस्वार ज्या शेतांजवळून जात होता, ती शेती त्याच काळात मोडकळीस येत होती. १८७० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये गव्हाच्या एका क्वार्टरला (सुमारे २१८ किलो) सरासरी ५५ शिलिंग मिळत. १८९४ मध्ये तो भाव २३ शिलिंगांच्याही खाली गेला. रेल्वे आणि आगबोटी यांमुळे अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला गहू स्वस्तात येऊ लागला होता. अनेक शेतकऱ्यांनी नांगर सोडून दूधदुभत्याचा आश्रय घेतला. तेव्हा सायकलस्वाराच्या टेबलावर आलेली साय हा केवळ जुन्या ग्रामजीवनाचा अवशेष नव्हता. ते जीवन कोसळताना शेतकऱ्याने शोधलेल्या पर्यायांचीही ती खूण होती.

मग त्या सायीबरोबरचा पाव कोठला? मराठी वाचकाने येथे थोडे थांबले पाहिजे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यानंतर हिंदुस्थानचा गहूही कराची आणि मुंबई या बंदरांतून ब्रिटनला जाऊ लागला. त्यात पंजाबचा वाटा मोठा होता. नागपूर ज्याची राजधानी होते त्या मध्य प्रांताचा, विशेषतः नर्मदेच्या खोऱ्याचा, गहूही त्यात होता. १८९६-९७ मध्ये याच मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. दुष्काळाचे सारे खापर निर्यातीवर फोडणे योग्य होणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की, हूपड्रायव्हरसारख्याला दुधाची गाय वाटेत दिसू शकत होती. गव्हाचे शेत बहुधा समुद्रापलीकडे होते.

साहित्यातही ही फूट दिसते. एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल या अमेरिकन लेखिकेने पती जोसेफ यांच्यासह तीनचाकी सायकलवरून केलेल्या कँटरबरीच्या यात्रेचे पुस्तक १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या खाद्यविषयक लेखांचा संग्रह १८९६ मध्ये आला. एका पुस्तकात रस्ता आहे, दुसऱ्यात ताट आहे. त्या लेखांत तिचे लक्ष चवीवर आणि भोजनाच्या रचनेवर आहे. रस्ता आणि ताट यांना जोडणारा पिकवणारा मात्र तिच्या चिंतनाचा विषय होत नाही.

ही फूट कोणालाच जाणवली नाही, असे नव्हे. १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी सायकल क्लब काढला. हे लोकही मौजेसाठीच फिरत. मात्र फिरता फिरता खेड्यांत समाजवादाची पत्रके वाटत. साप्ताहिकाचे संपादक रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या 'मेरी इंग्लंड' या पुस्तकाची एक पेनी किमतीची आवृत्ती त्याच वर्षी निघाली आणि प्रचंड खपली. देशाने आपले अन्न आपल्याच जमिनीत पिकवावे, परदेशी धान्यावर विसंबून राहू नये, हा त्या पुस्तकातील एक मुख्य आग्रह होता. त्या युक्तिवादात ब्रिटनबाहेरच्या शेतकऱ्याला फारशी जागा नव्हती, ही त्याची मर्यादा. तरीही आपण ज्या शेतावरून जातो ते आपल्याला खरोखर पोसते का, हा प्रश्न त्याने वाचकासमोर ठेवला.

आजच्या सायकल-सहलींचे मोल यामुळे कमी होत नाही. पिकवणाऱ्याचा चेहरा पाहणे, त्याच्या हाती थेट पैसे देणे, याला अर्थ आहेच. पण अशा सहलींचे वर्णन वाचताना, आणि वर्गात शिकवताना, एक साधी नोंद करावी : लेखकाने वाटेत काय पाहिले आणि त्या दिवशी काय खाल्ले. मध, भाजी, चीज या वस्तू दोन्ही याद्यांत सापडतील. धान्य, तेल, साखर, चहा बहुधा दुसऱ्याच यादीत राहतील. तेथे ज्यांच्या श्रमाचा उल्लेख नाही, त्यांचा शोध घेणे हे वाचकाचे काम आहे.